पेढीवरची विद्या

आजच्या विषयात 'रक्तपेढी' हा शब्द आहे. त्यातल्या 'पेढी'पासून सुरुवात करू, कारण हिंगणघाटच्या माणसाला पेढी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. या गावाचं नाव एकेकाळी कापसाच्या प्रतीचं नाव होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांताकडे वळली. वणा नदीच्या काठच्या या बाजारातून गेलेला माल तिकडे 'हिंगणघाट' याच नावानं ओळखला जायचा. सरकारनं इथे रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला होता, इतकं त्या व्यापाराला महत्त्व होतं.

आता हा कापूस चांगला की मध्यम, हे कोण ठरवायचं? आडत्याकडचा जुना माणूस. तो बोंडातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, तुटलेलं टोक दुसऱ्या चिमटीत धरून पुन्हा ओढायचा, दोनचार वेळा असं केलं की धाग्याची लांबी आणि ताकद त्याला कळायची. नवा पोरगा शेजारी उभा राहून पाहायचा. नुसतं पाहून काही कळायचं नाही, मग त्याच्या हातात कापूस दिला जायचा. तोही ओढायचा आणि चुकीचं सांगायचा. असे महिने जायचे. ही विद्या कुठे लिहून ठेवलेली नव्हती. आणि लिहिली असती तरी वाचून आली नसती.

1937 साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस या डॉक्टरनं रक्त साठवून ठेवण्याची सोय उभी केली आणि तिला 'ब्लड बँक' म्हटलं. आधी जमा करायचं, मग काढायचं, हा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर होता. आपण मराठीत 'बँक' न ठेवता 'पेढी' केलं. शब्द करणाऱ्यांच्या मनात बहुधा देवघेवच असणार. पण माझ्या मते पेढी हा शब्द जास्त बरोबर बसला, कारण पेढीवर देवघेवीबरोबर उमेदवारीही चालते. नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसून शिकतो. रक्तपेढीचा इतिहास आपण शोधांचा इतिहास म्हणून सांगतो: लँडस्टायनर 1901, मग आऱ्हेश घटक, मग प्लास्टिकच्या पिशव्या. तो बरोबरच आहे. आज मात्र मला त्याच इतिहासाची दुसरी बाजू मांडायची आहे. या कामात नवा माणूस जुन्या माणसाकडून नेमकं काय शिकतो? आणि जे शिकतो ते पुस्तकात का मावत नाही?

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. माझ्या विषयात या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञानं 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं हे येणं' यांत फरक केला. मायकेल पोलान्यी मुळात रसायनशास्त्रज्ञ. 1958 साली त्यानं असं मांडलं, की प्रयोगशाळेतलं बरंचसं ज्ञान शब्दांत सांगता न येणारं असतं आणि ते सहवासानंच पुढे जातं. पण त्यांच्या कितीतरी आधी आपल्या सुश्रुतसंहितेत याच विषयावर एक अख्खा अध्याय आहे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्यानं कापायचा सराव कोहळ्यावर, दुधीवर, काकडीवर करावा, आणि शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर करावा, असं तिथे सांगितलं आहे. सगळं शास्त्र पाठ असलं तरी हाताला सराव नसलेला माणूस कामाला अयोग्यच, हेही तिथेच स्पष्ट म्हटलंय. कमळाचा देठ का, याचा विचार करा. आतून पोकळ, बाहेरून मऊ, आणि सुई जरा जोरात गेली की पलीकडून बाहेर! ज्यानं रक्तपेढीत नव्या माणसाला पहिल्यांदा दात्याची शीर टोचताना पाहिलंय, त्याला हे उदाहरण किती चपखल आहे ते कळेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तीन उदाहरणं घेतो, आणि जरा तपशिलात घेतो, कारण मुद्दा तपशिलातच आहे.

पहिलं नाण्यांच्या चळतीचं. रक्तगट तपासताना लाल पेशींवर ठरावीक द्रव घालतात. 'अँटी-ए'ची बाटली निळी, 'अँटी-बी'ची पिवळी. पेशींच्या गुठळ्या झाल्या तर तो घटक आहे, नाही झाल्या तर नाही. डीएमएलटीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. पण काही रुग्णांच्या रक्तात प्रथिनं वाढलेली असतात, आणि तिथे पेशी एकमेकींना नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात. नळीत पाहिलं तर गुठळीच वाटते. जुना तंत्रज्ञ काय करतो? सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि सलाईनचे थेंब घालून पुन्हा पाहतो. चळत असेल तर सुटते, खरी गुठळी सुटत नाही. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पुस्तकात नसतं ते हे, की नळी हलवायची किती. जोरात हलवली तर अशक्त गुठळी फुटून जाते आणि 'नाही' असं उत्तर येतं. हलवलीच नाही तर तळाला बसलेल्या पेशी गुठळीसारख्या दिसतात. 'हलक्या हातानं' असं पुस्तक म्हणतं. हलका म्हणजे किती हलका? ते शेजारी उभं राहून, त्या माणसाच्या मनगटाकडे पाहूनच कळतं. अगदी तो कापूस ओढण्यासारखं.

दुसरं उदाहरण मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं सगळ्यात आवडतं. 1945 साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्सनं, मूरँट आणि रेस यांच्या बरोबर, एक चाचणी प्रसिद्ध केली. काही प्रतिपिंडं लाल पेशीवर जाऊन बसतात पण गुठळी करत नाहीत, त्यामुळे ती दिसत नाहीत. कूम्ब्सनं त्यांना पकडायचा मार्ग काढला. पेशी सलाईननं नीट धुवायच्या, मग मानवी प्रथिनाविरुद्धचा द्रव घालायचा. पेशीवर काही बसलेलं असेल तर आता गुठळी होईल. ही कल्पना त्याला रात्रीच्या आगगाडीत, मंद दिव्याच्या उजेडात सुचली, असं तो पुढे सांगत असे.

या चाचणीत गुठळी झाली नाही, म्हणजे उत्तर 'नाही' आलं, तर काम संपलं असं नव्या माणसाला वाटतं. पण नियम सांगतो, की थांब, आता त्याच नळीत मुद्दाम तयार केलेल्या, प्रतिपिंड चढवलेल्या पेशी घाल. यांची गुठळी झालीच पाहिजे. नवा माणूस म्हणतो, "ताई, उत्तर तर आलं ना, मग हे कशाला?" आणि घाईच्या दिवशी तो ही पायरी गाळतो. गाळलं तरी काही बिघडत नाही! शंभर वेळा गाळा, बहुतेक वेळा काहीच होणार नाही. त्यामुळे तो आणखी निर्धास्त होतो. पायरीचं कारण असं, की पेशी धुताना थोडं जरी रक्तद्रव मागे राहिलं तर त्यातली प्रथिनं घातलेला द्रव खाऊन टाकतात. मग द्रव निकामी होतो, आणि निकामी द्रव नेहमी 'नाही'च म्हणणार. म्हणजे तुमचं 'नाही' हे खरं 'नाही' आहे, की साक्षीदार मुका होता म्हणून आलेलं 'नाही' आहे, हे ठरवायला ती शेवटची पायरी.

आपल्या मीमांसकांनी, कुमारिलाच्या परंपरेनं, अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. एखादी गोष्ट दिसत नाही, यावरून ती नाही हे कळणं. पण त्यांनी लगेच अट घातली, की ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा. रक्तपेढीतल्या त्या शेवटच्या पेशी म्हणजे तो दिवा. मी हे वर्गात अनेक वर्षं घड्याच्या उदाहरणानंच शिकवलं. रक्तपेढीची ही चाचणी आधी कळली असती तर विद्यार्थी जरा कमी पेंगले असते.

आणि इथे माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. लिखित नियमात कृती टिकते, कारण टिकत नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं: 'नियंत्रण पेशी घालाव्यात.' का घालाव्यात, न घातल्यानं कुणाचं काय झालं, हे तक्ता सांगत नाही. ते जुन्या माणसाच्या तोंडी असतं. ज्या नियमाचं कारण माहीत नाही तो नियम माणूस गर्दीच्या रात्री सगळ्यात आधी सोडतो. म्हणून जुना सहकारी नव्याला देतो ती मुख्य गोष्ट कौशल्य नव्हे, नियमामागची आठवण.

तिसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, आणि जगाच्या पुस्तकात गेलेलं. 1952 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या लोकांना असं रक्त सापडलं की जे नेहमीच्या तपासणीत सरळ 'ओ' दिसत होतं. निळ्या बाटलीनं गुठळी नाही, पिवळ्या बाटलीनं नाही. पण 'ओ' गटाच्या रक्ताशी जुळवून पाहिलं तर जुळेना. 'ओ' रक्त तर सगळ्यांना चालतं असं आपण शाळेत शिकलेलो असतो. इथे 'ओ' पेशींच्याही गुठळ्या होत होत्या.

अशा वेळी काय करता येतं? सोपं उत्तर तयार असतं: नळी घाण असेल, द्रव जुना झाला असेल, पुन्हा करा, नाहीतर सोडून द्या. य. मो. भेंडे, चं. कि. देशपांडे आणि हि. म. भाटिया यांनी ते सोडलं नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे जाणते होते, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनाच्या बाजूचे. दोन्हीकडचं काम जुळलं आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये सातही जणांच्या नावानं निबंध आला. तीन व्यक्तींच्या रक्ताचा तो अहवाल होता. उलगडा असा, की 'ए' आणि 'बी' हे घटक ज्याच्यावर उभे राहतात तो 'एच' नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नाही. 'ओ' गटाच्या माणसाकडे तो पाया असतो, म्हणून त्याचंही रक्त यांना परकं. याच गटाला पुढे जगभर 'बॉम्बे' हे नाव पडलं. शहराचं नाव बदललं, गटाचं बदललं नाही. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा निघतो. युरोपात तो फारच दुर्मीळ.

आता नव्या तंत्रज्ञाच्या जागी उभे राहा. फक्त पेशी तपासल्या तर हा माणूस 'ओ' ठरतो. त्याला पकडायचं तर उलटी तपासणी करावी लागते, म्हणजे त्याचं रक्तद्रव माहीत असलेल्या 'ए', 'बी' आणि 'ओ' पेशींवर घालून पाहायचं. यातल्या 'ओ' पेशी नव्या माणसाला निरुपयोगी वाटतात, कारण त्यांची गुठळी कधीच होत नाही. रोज घाला, रोज काही नाही. ती नळी गाळायचा मोह स्वाभाविक आहे. आणि ज्या दिवशी ती बोलणार असते, तो दिवस दहा हजारांत एक. त्या दिवशी नळी गाळलेली असली, आणि पुढची जुळवणीही घाईत झाली, तर 'ओ'ची पिशवी लागते आणि माणूस दगावू शकतो. कारकिर्दीत एकदा किंवा दोनदा येणाऱ्या दिवसासाठी रोज एक नळी लावायची, हे स्वतःच्या अनुभवातून कुणी शिकू शकत नाही. तो दिवस आधी दुसऱ्या कुणीतरी पाहिलेला असावा लागतो. मुंबईत 1957 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं रक्तगटांचं संदर्भ केंद्र काढलं, भाटिया पुढे तिथे प्रमुख झाले, आणि आज ती के.ई.एम.च्याच आवारातली राष्ट्रीय संस्था आहे. गुंता पडलेला नमुना तिथे पाठवता येतो. पण गुंता पडलाय हे आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाला तरी जाणवावं लागतं.

आता इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही जुन्या लोकांची आरती करताय. तर नाही. जुना माणूस चुकीचंही शिकवतो, आणि त्याचाही इतिहास आहे.

एक काळ होता, आणि तो फार जुना नाही, की आपल्या देशातल्या पुष्कळ रक्तपेढ्या पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर चालत. कुणाला निरोप पाठवला की अर्ध्या तासात हजर होईल, कोण किती दिवसांपूर्वी देऊन गेला, हे जुन्या कर्मचाऱ्याला तोंडपाठ असायचं आणि तो नव्याला ते शिकवायचा. ते त्या कामातलं कौशल्यच होतं. मग एचआयव्ही आला. 1989 साली त्याची तपासणी सक्तीची झाली. 'कॉमन कॉज' या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, 4 जानेवारी 1996 ला निकाल लागला, आणि दोन वर्षांत पैसे घेणारे दाते बंद करा असा आदेश झाला. 1 जानेवारी 1998 पासून ते बंद. म्हणजे काल जे कौशल्य होतं ते आज बेकायदा. पण गंमत अशी, की तीच नजर उलट्या कामाला लागली. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे वण दिसतायत, आणि "पेशंट माझा चुलतभाऊ" म्हणणाऱ्याला पेशंटचं नाव किंवा वॉर्ड सांगता येत नाही, हे ओळखायला तो जुना माणूसच उपयोगी पडला.

दुसरं, 'ताजं रक्त सगळ्यात चांगलं, आणि सख्ख्या भावाचं त्याहून चांगलं', ही समजूत नातेवाइकांत तर आहेच, जुन्या कर्मचाऱ्यांतही होती. आता माहीत झालंय, की जवळच्या नातेवाइकाच्या ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात. विरळा प्रकार, पण झाला तर बहुधा जीवघेणा.

म्हणून न्यायदर्शनातली एक व्याख्या मला इथे फार कामाची वाटते. शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान, कधी मानावं? सांगणारा 'आप्त' असेल तर. आणि आप्त कोण? वात्स्यायन वय सांगत नाही, पद सांगत नाही. ज्यानं गोष्ट स्वतः पाहिली आहे आणि जशी पाहिली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण एकच, असंही तो म्हणतो. रक्तपेढीत याचा अर्थ सरळ आहे. नवीन आलेली डॉक्टर एम.डी. असेल, आणि तिला नळी कशी धरायची हे दाखवणारा माणूस पदविकाधारक असेल, किंवा दाता चक्कर येऊन पडणार हे तिच्याआधी ओळखणारी व्यक्ती मदतनीस मावशी असेल. दाता जांभई द्यायला लागला, ओठ पांढरे पडले, बोलता बोलता गप्प झाला, की मावशी पाय वर करायला धावते. "मॅडम, हा पडते आता," एवढंच म्हणते. त्या क्षणी आप्त ती.

आपला कायदाही हे अर्धवट मान्य करतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत रक्तपेढीच्या तंत्रज्ञासाठी पदवी असेल तर सहा महिने आणि पदविका असेल तर एक वर्ष अनुभवाची अट आहे. नुसत्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला रक्तपेढीतला एक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणजे पदवी कमी असेल तिथे कायदा अनुभव मोजून घेतो. पण कायदा महिने मोजतो. ते महिने कुणाच्या शेजारी काढले, हे त्याला विचारता येत नाही. आणि आज दवाखान्यांतल्या कितीतरी जागा कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग नवा माणूस. शिकवणाऱ्यालाच वर्ष झालेलं नसेल तर भिंतीवरचा तक्ता तेवढा राहतो. हिंगणघाटला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालंय, त्यासाठी या गावानं आंदोलनं केली. जागेवरून, खाटांवरून पुष्कळ बोलणं झालं. इमारत होईल, यंत्रं येतील. तिथल्या रक्तपेढीत पहिल्या दिवशी नव्या पोरांच्या शेजारी कोण उभं राहणार, हा प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या निवेदनात वाचलेला नाही. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, इथून चाळीसेक किलोमीटर. तिथून निवृत्त होणारी, हात बसलेली माणसं दोन वर्षं इकडे आणून बसवता येतील की नाही, याचा विचार आत्ताच करायला हवा, उद्घाटनानंतर नाही.

हे मी विदर्भात बोलतोय म्हणून एक शेवटची गोष्ट. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तेव्हापासून आपल्याला माहीत आहे, की हा आजार आपल्या घराघरांत आहे. या मुलांना वारंवार रक्त लागतं. आज वर्ध्याला, पुढच्या वेळी नागपूरला, कधी यवतमाळला. दरवेळी परक्या रक्तातल्या एखाद्या बारीक घटकाविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंड तयार होऊ शकतं. काही महिन्यांत ते इतकं कमी होतं की तपासणीत दिसत नाही. सगळ्या नळ्या 'जुळतंय' म्हणतात. रक्त चढतं, आणि आठवड्याभरानं मूल पिवळं पडतं, लघवी लाल होते, चढवलेलं रक्त आतल्या आत फुटतं. नळीत न दिसणारी ही गोष्ट एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे आईच्या आठवणीत, किंवा तिच्या पिशवीतल्या जुन्या कागदांत. म्हणून मुरलेला तंत्रज्ञ नमुना हातात आला की आधी खिडकीशी जातो. तिथे उभ्या असलेल्या बाईला विचारतो, "ताई, याच्या आधी कुठं कुठं रक्त चढवलं होतं पोराला? कागद हाये का काही? त्या वेळी नंतर काही तरास झाला होता का?" आणि मागे उभ्या असलेल्या नव्या पोराला म्हणतो, "लिहून घे."